सात वाजून दहा मिनिटं

लाउडस्पीकरवरून माझ्या मुलाचं नाव ऐकलं तेव्हा माझ्या पायांशी सहा जणांचं रक्त होतं. शनिवार होता, सकाळचे पावणेदहा. वटारमधली दोन म्हातारी माणसं, एक बाळंतीण आणि एकाच घरातले तीन मधुमेही, अशा सहा नळ्या बर्फाच्या डब्यात घालून, डबा स्कूटीच्या पुढच्या जागेत ठेवून मी विरारच्या लॅबकडे निघाले होते, आणि नवग्रहांच्या देवळापाशी नेहमीसारखा रस्ता तुंबला होता. शनिवारी तिथे लोक गाड्या कशाही लावतात. शनीला घाबरणारी माणसं वाहतूक पोलिसाला घाबरत नाहीत. हॉर्न वाजवून काही होणार नाही हे माहीत असूनही मी एक पाय टेकवून तो वाजवत उभी होते. तेल वाहण्याआधी आत नावं वाचतात; ज्यांच्यासाठी पूजा सांगितली आहे त्यांची, मग ते हजर असोत नसोत. नाव, गोत्र, रास, की पुढचा. गेली कित्येक वर्षं ती यादी माझ्या कानांवरून जाते आहे आणि मी कधी तिकडे लक्ष दिलेलं नाही. "सुमेध विलास साटम, काश्यप गोत्र, मेष रास," गुरुजी म्हणाले आणि पुढच्या नावाकडे वळले. मी हॉर्नवरचा अंगठा काढला. मागचा रिक्षावाला म्हणाला, "ओ मॅडम, चला ना, रस्ता खुला झाला," तरी मी तिथेच.

लॅबमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात की नळीवरचं नाव जुळलं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. नाव, वय, नोंदणीचा क्रमांक, तिन्ही जुळायला हवीत. एक जरी हललं तरी नळी बाजूला. इथे नाव आमचं होतं. गोत्र आमचं नव्हतं, आम्ही भारद्वाज. रासही आमची नव्हती. सुमेधची पत्रिका वृषभेची आहे, मीच करून घेतलेली, कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत आहे. म्हणजे हा दुसराच कुणी सुमेध विलास साटम. विरार केवढं वाढलंय, असेल एखादा. असं मी स्वतःला समजावलं आणि माझाच मला राग आला, कारण मला इतरांना फसवता येतं, स्वतःला येत नाही. मेष ऐकल्यावर मी हॉर्नवरचा अंगठा काढला तो रास चुकली म्हणून नाही, ती बरोबर असावी म्हणून. सुमेधची वृषभ रास खोटी आहे हे जगात फक्त मला माहीत होतं. निदान त्या सकाळपर्यंत मी तसं धरून चालले होते.

सुमेध माझ्या पोटचा नाही. लिहून टाकलं की किती सोपं वाटतं. सत्तावीस वर्षांत हे वाक्य मी मोठ्याने उच्चारलेलं नाही, विलासपाशीही नाही. नंदाखालला, नारळी-केळीच्या बागांमध्ये तेव्हा नन लोकांचं एक छोटं प्रसूतिगृह होतं. लग्न न झालेल्या मुली तिथे येऊन बाळंत होत आणि परत जात. आता ते बंद झालंय. तिथून, कोर्टात कागद दाखल करून, बावीस दिवसांचा सुमेध आम्ही आणला तो थेट विरारच्या नव्या फ्लॅटवर. तोपर्यंत आम्ही लालबागला राहत होतो. नवी इमारत, भिंतींना रंगाचा वास, सगळी मिळून आठ बिऱ्हाडं आलेली, कुणी कुणाला ओळखत नाही. आम्ही तिघं राहायला आलो आणि लोकांनी तिघंच पाहिली. कुणी काही विचारलंच नाही, त्यामुळे आम्हाला खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही. ते मी पुढे स्वतःच्या हौसेने बोलले. त्या संध्याकाळी मी त्याला घेऊन उंबरा ओलांडला तेव्हा घड्याळ भिंतीवर लावायचं राहिलं होतं, एका खोक्यावर टेकवून ठेवलं होतं, आणि त्यात सात वाजून दहा मिनिटं झाली होती. दोनेक वर्षांनी तो सारखा आजारी पडायला लागला आणि शेजारच्या बाईंनी ज्योतिषाकडे धाडलं. जन्मतारीख माझ्याकडे होती. ज्योतिषांनी वेळ विचारली. मी पापणी न हलवता म्हणाले, संध्याकाळी सात दहा. मला ते खोटं वाटलं नाही. माझ्यापुरता तो तेव्हाच जन्मला होता. ज्योतिषांनी पंचांग पाहिलं आणि म्हणाले, त्या दिवशी सकाळी साडेनऊला चंद्र मेषेतून वृषभेत गेला, पहाटेचा असता तर मेषेचा झाला असता; वृषभ बरी. मीही मान डोलावली, वृषभ बरी.

तेव्हा आता कुणीतरी मेष सांगत होतं, म्हणजे त्याला माहीत होतं की हा मुलगा सकाळी साडेनऊच्या आत जन्मला. हे कुणाला माहीत असेल? विलासला नाही, कागदांत वेळ नव्हती. मुलाची वेळ कोण विसरत नाही हे मला कुणी सांगायला नको. आणि त्याला जन्म देणारीचं नाव मला ठाऊक होतं. ते मला ठाऊक असायला नको होतं, कागदांत ते कुठेच नव्हतं. पण त्या पहिल्या संध्याकाळी मी बाळाचं झबलं काढलं तेव्हा त्याच्या मनगटावर चिकटपट्टीचा एक तुकडा राहून गेला होता, आणि त्यावर निळ्या पेनाने लिहिलं होतं, ‘लूर्डसचं बाळ’. काढायचं कुणीतरी विसरलं असणार. विलास खाली दूध आणायला गेला होता. मी तो तुकडा सोडवला, बाळ रडलं, आणि मी तो गॅसवर जाळला. जळताना प्लास्टिकचा घाण वास आला. विलास आल्यावर म्हणाला, कसला वास? मी म्हणाले, नव्या शेगडीचा. तेव्हापासून ते नाव माझ्यापाशी आहे आणि मी ते कुणालाही दिलेलं नाही.

लोक मला संशयी म्हणतात. लॅबमध्ये म्हणतात, विलास म्हणतो, एकदा आमच्या सोसायटीच्या सभेतही म्हणाले. असेन. पण नंदाखाल माझ्या घरापासून स्कूटीवर पंधरा मिनिटं आहे आणि त्या गावात, किंवा त्याच्या आसपास, एक बाई आहे जी माझं सगळं घर एका वाक्यात रिकामं करू शकते. तुम्ही काय केलं असतं? सुमेधच्या कानांच्या पाळ्या गालाला चिकटलेल्या आहेत. मी सत्तावीस वर्षं बायकांचे कान बघते आहे. आगाशीच्या बाजारात, राजोडीच्या किनाऱ्यावर, चर्चच्या सणाला रस्त्यावर गर्दी उसळते तेव्हा. एकदा केळी विकणाऱ्या एका बाईच्या मागे मी एसटीच्या थांब्यापर्यंत गेले होते, केळी आधीच घेतली होती तरी. आणि एकदा लॅबमध्ये एक लूर्डस आली. वय बसत होतं. थायरॉइडची तपासणी होती. मी तिच्या दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली, कान पाहिले. पाळ्या छान लोंबत्या होत्या, त्यात सोन्याच्या रिंगा. तरीही मी तिचा रक्तगट तपासला. कुणी सांगितला नव्हता, कागदावर नव्हता. जुळला नाही; त्याने काही सिद्ध होत नाही हे मला माहीत होतं, तरी. त्या दिवशी मी घरी येऊन शिरा केला आणि सुमेध म्हणाला, आज काय विशेष?

स्कूटी देवळाच्या भिंतीला लावून मी आत गेले. बर्फ दुपारपर्यंत टिकणार होता. चौथऱ्यावर नऊ काळे देव बसवलेले आहेत आणि एकाचंही तोंड दुसऱ्याकडे नाही. तसंच बसवायचं असतं म्हणे, एकाची दृष्टी दुसऱ्यावर पडू नये म्हणून. आमच्या घरी तिघं जण टीव्हीकडे तोंड करून जेवतो, मला त्यात काही नवल वाटलं नाही. शनीसमोर लोक तेलाच्या वाटीत वाकून आपापला चेहरा बघत होते आणि मग ते तेल वाहत होते. फाटकाशी एका टेबलामागे नावं लिहून घ्यायला गावातलेच बळीराम म्हणून सत्तरीचे गृहस्थ बसतात. मी त्यांना विचारलं, "काका, सुमेध साटम हे नाव कुणी दिलंय?"

"कोनी दिलं ते आमी लिवत नाय," ते वही न मिटता म्हणाले. "नाव, गोत्र, रास. बास. गेल्या आगस्टपासून वर्साचं हाय ते, दर शनवारचं."

"गोत्र चुकलंय त्यात."

"गोत्र ठावं नसंल त्याचं काश्यप लिवतो. ज्याला कोनी नाय त्याला काश्यप." हे ते अगदी सहज बोलले, पाण्याचा नळ दाखवावा तसं. मी त्यांच्याकडे असं पाहिलं असणार की त्यांनी चष्मा काढला. "तुमी कोन त्याच्या?"

टेबलाच्या बाजूला रुईच्या पानांच्या माळा आणि काळे उडीद घेऊन बसलेली धोंडूबाई हे ऐकत होती. तिला मी ओळखते, तिची साखर मी दर तीन महिन्यांनी तपासते. ती म्हणाली, "साटम ना? त्याच्यासाटी ती फ्राकवाली बाय आलती. म्हातारी. कागूद होता तिच्या हातान, वेल लिवलेली. देवलान काय गेली नाय, हितं माज्या बाजूला बसली गुडघं धरून. चांगली बाय. मना माला ओवू लागली. संगती तिच्या—" धोंडूबाई आणखी सांगत होती, पण मी फाटकाबाहेर पोचले होते. फ्रॉक घालणारी म्हातारी, गुडघे दुखणारी, आणि हातात जन्माची वेळ लिहिलेला कागद. सिस्टर रेजिना. नंदाखालच्या त्या प्रसूतिगृहातली नर्स. तिनेच बाळ माझ्या हातात दिलं होतं.

स्कूटीपाशी उभं राहून मी आधी विलासला फोन लावला. शनिवारीही त्याचं चर्चगेटचं ऑफिस असतं. "तुम्ही कुणाला सांगितलंत?" मी म्हणाले. "काय?" "तुम्हाला माहीत आहे काय." तो म्हणाला, "मीरा, मी कुणाला सांगितलं असतं तर संध्याकाळी दारातच तुला कळलं असतं. तू माझ्या चपलांवरून ओळखतेस. काय झालंय?" मी फोन ठेवून दिला. तो खरं बोलत होता. सुमेध अठरा वर्षांचा झाला तेव्हा विलास म्हणाला होता, आता सांगून टाकू. मी म्हणाले होते, बारावीचा निकाल लागू दे. मग इंजिनीअरिंग होऊ दे. मग नोकरी लागू दे. विलासने विचारायचं सोडून दिलं, आणि ते त्याने सोडलं याचाही मला संशय आला होता.

नंदाखालच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी केळीची पानं आत येतात, वेग घेता येत नाही, त्यामुळे विचारांना मोकळं रान मिळालं. गेल्या ऑगस्टमध्ये माझं गर्भाशय काढलं. ज्याचा कधी उपयोग झाला नाही तोच अवयव शेवटी जिवावर उठला, यावर मी भूल देणाऱ्या डॉक्टरांशी विनोदही केला होता. गाठीचा अहवाल बरा आला, पण तीन आठवडे आम्हाला ते माहीत नव्हतं. आणि बळीरामची वही सांगत होती की नाव नोंदवलं ते साधारण तेव्हापासूनच. मी जोडत गेले. लूर्डसला कळलं असणार. मीरा साटम आजारी आहे, कदाचित राहत नाही, मुलगा मोकळा होतोय. आधी त्याचे ग्रह शांत करायचे, मग समोर यायचं. स्वतः ख्रिस्ती, गोत्र कुठून माहीत असणार, म्हणून काश्यप. देवळात स्वतः जायची लाज, म्हणून सिस्टरला धाडलं. सगळं इतकं नीट जुळत होतं की मला एक प्रकारचं समाधान वाटलं. नमुना तिन्ही खुणांनी जुळावा तसं. मी त्या बाईचा द्वेष करत होते, आणि खरं सांगायचं तर मला तिचा हेवाही वाटत होता, कारण मुलासाठी ती परक्या देवापर्यंत पोचली होती आणि मला सत्तावीस वर्षांत त्याची खरी रास विचारायला पंधरा मिनिटांवर जाता आलं नव्हतं.

सिस्टर रेजिना ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. वयाने वाळली होती, पण फ्रॉक कडक इस्त्रीचा. माझ्या हातातला डबा पाहून म्हणाली, "रक्त घ्यायला कोणी धाडलं तुला? मी तर कोणाला बोलावलं नाय." मग तिने मला ओळखलं आणि शेंगांचं सूप बाजूला सारलं. "मीरा ना तू? बस."

मी बसले नाही. येताना मी बरंच काही घोळवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "सिस्टर, लूर्डसला सांगा, त्याचा नाद सोड म्हणावं. तो माझा आहे."

तिचा चेहरा बदलला. इतका की मी दोन पायऱ्या मागे उतरले. "हे नाव तुला कोणी सांगितलं?" तिने विचारलं. घरात इकडे तिकडे पाहिलं, कोणी नव्हतं. "हे नाव मी सत्तावीस वर्षं माझ्या भावालासुद्धा सांगितलं नाय. ती वही नन लोकांकडे जमा आहे. तुला कोणी सांगितलं?"

"कुणी नाही. मनगटावर चिकटलेलं होतं."

"आणि तू इतकी वर्षं..." असं म्हणून तिने वाक्य सोडून दिलं. मग सावकाश म्हणाली, "लूर्डस नाय गं आली. ती त्या दिवसानंतर या गावात आलीच नाय. तुझा पोरगाच आला होता."

तेव्हा मात्र मी बसले. पायरीवर, डबा मांडीवर घेऊन. सिस्टर सांगत होती. ऑगस्टमध्ये, एका दुपारी, मोटरसायकलवरून आला. पत्ता चर्चच्या ऑफिसातून काढला. कोर्टाच्या कागदावर प्रसूतिगृहाचं नाव होतं, त्यावरून तिथवर पोचला होता. म्हणाला, आईचं ऑपरेशन आहे. "त्याने तिचं नाव विचारलं?" मी मध्येच विचारलं. "नाय. मला वाटलं तोच विचारणार, मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण त्याने वेळ विचारली. किती वाजता जन्मलो? वेळा माझ्या स्वतःच्या वहीत आहेत, प्रत्येक बाळाची. पहाटे चार चाळीस. मी कागदावर लिहून दिली. तर म्हणतो, सिस्टर, माझ्याबरोबर चला, मला तिथे एकट्याला लाज वाटते." ती थोडी हसली. "मग बसले मागे त्या मोटरसायकलवर, या गुडघ्यांनी. मला सगळं समजावत होता. साडेसाती म्हणजे शनी चंद्रावरून जातो, आणि चंद्र म्हणजे आई. तुमच्या हिशेबाने त्याला साडेसाती नव्हतीच म्हणे. वेळ बदलली तेव्हा ती पत्रिकेत निघाली. ते ऐकून त्याला आनंद झाला. मी म्हटलं, हे कसलं रे, पीडा निघाली आणि हसतोस? तर म्हणाला, निघाली म्हणजे काहीतरी करता येईल."

मला रडू आलं नाही. आधी एवढंच वाटलं की सुटले. आणि ते वाटणं पुरतं बसतं न बसतं तोच दुसरा संशय वर आला, आधीच्यापेक्षा थंड. म्हणजे त्याला माहीत आहे. ऑगस्टपासून माहीत आहे, कदाचित त्याहून आधीपासून. मग या सगळ्या दिवसांत तो मला आई म्हणाला तेव्हा काय म्हणून म्हणाला? सवयीने? दयेने? दवाखान्यात माझ्या उशाशी बसून मोसंबी सोलत होता तेव्हा तो माझ्याकडे कसा बघत होता हे आठवायचा मी प्रयत्न केला आणि मला फक्त मोसंबीच आठवली. मी सगळ्या जगाचे कान बघत हिंडले आणि घरातल्या माणसाचा चेहरा वाचला नाही. मला याचं वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि रागही आला, त्याचा, की इतकं उत्तम लपवायला हा शिकला कुणाकडून.

लॅबमध्ये नळ्या देऊन, उशिराबद्दल बोलणी खाऊन मी घरी पोचले तेव्हा दीड वाजला होता. सुमेध ओट्यापाशी पिठलं ढवळत होता. गेले काही महिने तो शनिवारी मासे खात नाही. डाएट म्हणाला होता, आणि मी मुलगी कोण याचा विचार करत बसले होते. "आज उशीर?" तो म्हणाला.

"नंदाखालला गेले होते."

त्याने गॅस बारीक केला. पाठमोराच होता. मग म्हणाला, "सिस्टर बऱ्या आहेत? गुडघ्याचं तेल नेऊन द्यायचं राहिलंय माझं."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"एकोणिसाव्या वर्षापासून. कॉलेजात रक्तदान केलं, बी निघाला. तू ओ. बाबांचा तू बी सांगितला होतास. मग एकदा बाबांच्या पाकिटात त्यांचं कार्ड दिसलं, त्यावर ओ होता. दोघंही ओ असली तर मूल बी होत नाही." तो मागे वळला. "लॅबमध्ये काम करतेस आणि कार्ड पाकिटात राहू देतेस?"

हा विनोद होता. मला कळायला थोडा वेळ लागला. "बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून. मग सवय झाली."

"देवबिव मानत नाहीस ना तू?"

"नाही मानत. पण तू आत होतीस आणि बाहेर मला काहीच करता येत नव्हतं. ऑफिसातला एक जण म्हणाला, आईचं मुलाच्या पत्रिकेत बघतात. तिथे गेलो तर गुरुजी म्हणाले वृषभेला काही नाही, वेळ नक्की आहे का बघा. नक्की नाही हे मला माहीतच होतं."

मी विचारलं, "आणि गोत्र?" मला ते विचारायचं नव्हतं, पण सकाळपासून तेच कानात वाजत होतं. ज्याला कोणी नाही त्याला काश्यप.

तो बराच वेळ कालथा पुसत राहिला. "भारद्वाज सांगणारच होतो. तोंड उघडलं आणि वाटलं, हे सांगायच्या आधी तुला विचारायला हवं. तर गप्प राहिलो. त्यांनीच काश्यप लिहिलं."

"तुझंच आहे ते," मी म्हणाले, आणि इतक्या मोठ्याने म्हणाले की शेजारच्या खिडकीतलं बोलणं थांबलं. "विचारायचं काय त्यात? तुझंच आहे."

"बरं," तो म्हणाला. ताटं घेतली, पिठलं वाढलं, भाकरी मोडली. आम्ही दोन घास खाल्ले. आता सगळं ठीक होतं. मला वाटलं, ठीक आहे, एवढ्यावर निभावलं, आता फक्त जेवायचं. मग तो ताटाकडे बघत म्हणाला, "कधी शनिवारी मी स्वतः जातो तेव्हा गुरुजी संकल्पात आईचं नाव विचारतात. मी मीरा सांगतो. दर वेळी सांगून झालं की वाटतं, अजून एक सांगायला हवं होतं. ती कुठे असेल, कशी असेल. चंद्र म्हणजे आई असेल तर तिच्यावरूनही जातच असेल ना तो शनी. पण नाव कुठून आणणार? कागदात नाही. सिस्टर सांगणार नाहीत, मी त्यांना त्या संकटात टाकलंही नाही." त्याने भाकरीचा तुकडा फिरवला. "जाऊ दे."

जाऊ दे, तो म्हणाला. मी ते घेऊ शकले असते. रेजिना सांगणार नव्हती, वही कुलपात होती, आणि माझ्या तोंडातून ते नाव आजवर फक्त एकदा, त्या दिवशीच सकाळी बाहेर पडलं होतं. तो माझा होता. त्याने आपणहून माझं नाव देवापुढे घेतलं होतं, आणखी काय हवं होतं मला? आणि नाव दिलं की तो शोधणार. वसईत लूर्डस कितीही असोत, तो शोधून काढणार, वेळ शोधली तशी. मला भीती वाटली. ऑपरेशनच्या टेबलावर वाटली नव्हती तशी. मी पाण्याचा पेला उचलला, ठेवला. पिठल्यात मिरची जास्त झाली होती.

"लूर्डस," मी म्हणाले.

"काय?"

"तिचं नाव. लूर्डस."

त्याने घास खाली ठेवला. ओठ हलवून ते नाव एकदा बिनआवाजी म्हणून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं आणि त्यात मी कुठेच नव्हते. मग त्याने विचारलं, "सिस्टरनी सांगितलं आज?"

हो म्हणणं सोपं होतं. अगदी सोपं होतं. "नाही," मी म्हणाले. "तू बावीस दिवसांचा होतास तेव्हापासून माहीत आहे. बाबांना माहीत नाही. तुझ्या हातावर लिहिलेलं होतं, मी जाळून टाकलं."

तो माझ्याकडे बघायला लागला. हळूहळू डोळे बारीक झाले, मान एका बाजूला कलली. लॅबमध्ये, बाजारात, सोसायटीच्या सभेत लोकांना ज्या नजरेचा राग येतो ती मला कधी दिसली नव्हती, कारण ती माझी होती. आता ती समोरून माझ्यावर आली. एकोणिसाव्या वर्षापासून त्याने सगळं समजून घेतलं होतं, रक्तगट, कागद, सात दहा. हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

"आणखी काय काय आहे?" त्याने विचारलं.

"बरंच आहे," मी म्हणाले. माझा आवाज मला दुसऱ्याचा वाटला. मी त्याला त्या चिकटपट्टीपासून सांगायला सुरुवात केली, निळ्या पेनापासून, शेगडीच्या वासापासून, केळीवाल्या बाईचं सांगितलं, थायरॉइडवाल्या लूर्डसचं सांगितलं, तेव्हा तो एकदा हात वर करून म्हणाला, "थांब," आणि थोड्या वेळाने म्हणाला, "हं, पुढे." ताटातलं पिठलं सुकत चाललं होतं. तो प्रत्येक शब्द तपासून घेत होता, मधेच मागचं परत विचारत होता, पण उठून गेला नाही.